दोघं, एक कुत्रा आणि छोटा ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलर: ठाणे-नवी मुंबईकरांनी तो कसा निवडावा

ट्रेलर बघायला गेलेली मंडळी आधी मागचं किचन उघडतात, मग गादीवर आडवी होऊन बघतात आणि तिथेच हो म्हणून बसतात. पुढे अडतं ते भलतीकडेच: सोसायटीच्या गेटात, गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि कुत्र्याच्या दारात. या तीन गोष्टी आधी मोजल्या तर बाजारातले निम्मे ट्रेलर आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. बॉडी आणि सजावट शेवटी येते.

पहिलं काम: टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

चारचाकीची पार्किंगची जागा साधारण २.५ × ५ मीटरची असते. दोन जणांच्या टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराच्या) ट्रेलरची पेटी अडीच मीटरच्या आसपास असली तरी ड्रॉबारसकट (गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यासकट) लांबी ३.६ ते ४ मीटर भरते. म्हणजे तो एक पूर्ण जागा खातो आणि गाडीला दुसरी जागा लागते. स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल तर ट्रेलरचा विचार तिथेच सोडा. ती यंत्रणा ट्रेलरसाठी बनलेलीच नाही.

चार मापं घ्या. सोसायटीच्या गेटची रुंदी. स्टिल्टमधल्या सर्वांत खाली आलेल्या बीमची, पाइपची किंवा स्प्रिंकलरची उंची (छताची नव्हे). गेटपासून जागेपर्यंतच्या सर्वांत अरुंद वळणाची रुंदी. आणि पोडियम (रॅम्पने चढून जायचं वरचं पार्किंग) असेल तर रॅम्प जिथे संपून सपाट होतो तो उंचवटा. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत हा शेवटचा मुद्दा हमखास आडवा येतो: गाडी वर चढते, पण मागून येणारा ड्रॉबार किंवा जॉकी व्हील (ड्रॉबारखालचं टेकूचं छोटं चाक) त्या उंचवट्यावर घासतं. जॉकी व्हील फिरवून आडवं वर घेता येणारं असावं, नुसतं वरखाली सरकणारं नको. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतींत आणि रो-हाउसमध्ये रॅम्पची कटकट नाही, पण गल्लीत दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून वळण बसतं का ते रात्री दहानंतर जाऊन बघा. खरी जागा तेव्हाच कळते.

हाताने ढकलून जागेवर लावायचा विचार असेल तर सपाट फरशीवर ५०० किलोचा ट्रेलर दोघांना जमतो. उतार असेल तर जमत नाही, आणि सुटला तर थांबत नाही. पार्किंग ब्रेक आणि चाकाखाली लावायच्या दोन उटी यांशिवाय ट्रेलर गाडीपासून सोडवूच नये.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आगाऊ रक्कम देण्याआधी. कमिटीला फोटो आणि लांबी-रुंदी-उंची द्या. ‘छोटा ट्रेलर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळूचा ट्रॅक्टर येतो. परवानगी मिळत नसेल तर मुरबाड, कर्जत किंवा पनवेलच्या बाजूला ओळखीच्या शेतघरावर ठेवणं हा चांगला पर्याय आहे. शहरातून ट्रेलर ओढत न्यायचा त्रासही वाचतो. फक्त तिथे शेडखाली ठेवा. उन्हात गॅस्केटं आणि टायर लवकर जातात, आणि उंदीर वायरी खातात ते वेगळंच.

गाडी किती ओढेल, याचं उत्तर मॅन्युअलमध्ये

मॅन्युअलमधलं टोइंगचं पान काढा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं किंवा आकडाच दिलेला नसतो. परदेशात त्याच नावाच्या गाडीला दिलेला आकडा इथे धरू नका. गिअर रेशो, कूलिंग, मागची स्प्रिंग यांत फरक असू शकतो, आणि वॉरंटी किंवा विमा नाकारला गेला तर तो आकडा कोणी विचारात घेत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर उत्तर मागा.

थार, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो, जिम्नी, गुरखा, हायलक्स, व्ही-क्रॉस या गाड्या लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या पोलादी चौकटीवर) आहेत. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची गाडीमागची जोडणी, फ्रेमच्या दोन्ही रेलना बोल्टने बसतो. मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेल्या) गाडीत तो बॉडीच्या मजबूत जागीच बसायला हवा, नुसत्या बंपरच्या क्रॅश बारला लटकवलेला हिच कच्च्या रस्त्यावर टिकत नाही. गाडी अडकल्यावर ओढायला बंपरमध्ये स्क्रू करतात तो हुक म्हणजे हिच नव्हे, हे सांगायची वेळ अजूनही येते.

गिअरबॉक्सही बघा. एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअलमध्ये) शेवटी साधा क्लचच असतो. भरलेला ट्रेलर रॅम्पवर इंच-इंच मागे घेताना तो जळतो. मॅन्युअल गिअरबॉक्स किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक बरा.

आता वजन. नियमांत ७५० किलोपर्यंत एकूण वजनाचा ट्रेलर टी-१ या वर्गात येतो, त्यापुढे ३.५ टनांपर्यंतचा टी-२ मध्ये. दोघांसाठी टी-१ पुरेसा आहे आणि आमचा सल्ला त्याच्या पुढे जाऊ नका असाच आहे. पण विक्रेता ‘४५० किलो’ सांगतो ते रिकामं वजन असतं. त्यावर काय चढतं बघा:

पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो
लिथियम बॅटरी, सोलर पॅनेल, १२ व्होल्टचा फ्रिज: ४०
गॅस, शेगडी, भांडी, शिधा: ३०
अंथरूण-पांघरूण, कपडे: ४०
ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर), टेबल, खुर्च्या: ३५
स्पेअर चाक, जॅक, हत्यारं: ३५
कुत्र्याचं खाणं, बिछाना, साखळ्या: १५

एकूण २५५. ४५० मध्ये मिळवले की ७०५. हातात राहिले ४५ किलो, आणि ते छतावर ठेवलेल्या पॅडलबोर्डात किंवा लाकडांत कसे जातात ते कळतही नाही. रिकामं वजनच ५५० असेल तर तुम्ही घरून निघतानाच हद्द ओलांडलेली असते. म्हणून पहिला प्रश्न ‘किंमत काय’ हा नसून ‘काट्याची पावती आहे का’ हा असावा. नसेल तर स्वतः करून घ्या. भिवंडी, वागळे इस्टेट, टीटीसी औद्योगिक पट्टा, वाशी मार्केट या सगळ्या भागांत ट्रकांचे काटे आहेत. ट्रकचा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्यात मोजतो, तेवढी सूट धरा.

हिचवर येणारा भार मात्र त्या काट्यावर मोजू नये. त्याला घरचा बाथरूमचा वजनकाटा पुरतो: ट्रेलर भरलेला, सपाट जमिनीवर, चाकांना उटी लावलेल्या. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून कपलर (ड्रॉबारच्या टोकाचा, हिचच्या बॉलवर बसणारा भाग) त्यावर टेकवा, जॉकी व्हील वर घ्या. ठोकळ्याची उंची अशी ठेवा की कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीवरच येईल. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यावा. ७०५ किलोला ७० च्या आसपास. हा भार फार कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो. फार जास्त असेल तर गाडीचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं होतं. हे ७० किलो गाडीच्या मागच्या ऍक्सलवर येतात, आणि कुत्राही गाडीतच असणार आहे. चालत्या ट्रेलरमध्ये ना माणूस बसवायचा, ना कुत्रा.

कुत्रा: दार, फरशी आणि हवा

सर्वांत आधी एक प्रकार बाद करा: ट्रेलरच्या डोक्यावर रूफ-टॉप टेंट असलेला. दिसायला सुरेख, आत जागा भरपूर, पण वर जायला शिडी. २८ किलोच्या लॅब्राडॉरला रात्री दोन वाजता शिडीवरून उतरवून पाहिल्यावर हौस फिटते. आठ-दहा किलोंपेक्षा जड कुत्रा असेल तर टिअरड्रॉप किंवा चौकोनी छोटी कॅबिन, नाहीतर छत वर उचललं जाणारा पॉप-टॉप, एवढेच पर्याय धरा. पॉप-टॉपमध्ये उभं राहता येतं, पण बाजूचं कापड कुत्र्याच्या नखांच्या टप्प्यात येतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत घडीत बुरशी धरतं. ठाण्यातून वापरायला आमची पसंती कडक भिंतींच्या चौकोनी कॅबिनला. टिअरड्रॉपच्या गोलाईत पायांकडची उंची वाया जाते, आणि कुत्रा झोपतो ती जागा नेमकी तीच असते.

दोघांची गादी साधारण १.४५ × १.९५ मीटर असते. पैसे देण्याआधी घरच्या फरशीवर तेवढी चौकट मास्किंग टेपने आखा आणि कुत्र्यासकट एक रात्र तीत झोपा. कुत्रा आडवा पसरल्यावर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, त्यात १५ सेंटीमीटर मिळवा: एवढी लांबी त्याला लागते. मध्यम बांध्याच्या इंडीला (देशी कुत्र्याला) ६० × ९० ची जागा पुरते. ती पायांशी मिळत नसेल तर गादी तीन तुकड्यांची घ्या आणि एक तुकडा काढून खाली फरशी मोकळी करा.

दाराचं गणित असं आहे. ऑफ-रोड ट्रेलरची फरशी जमिनीपासून ६५ ते ७५ सेंटीमीटर वर जाते. तरुण कुत्रा उडी मारतो. सात-आठ वर्षांचा लॅब किंवा जर्मन शेफर्ड चढताना मागच्या पायांवर आणि उतरताना पुढच्या खांद्यांवर मार घेतो. दाराखाली घडी होणारी पायरी असावी, तिची रुंदी निदान ४० सेंटीमीटर आणि पृष्ठभाग खरखरीत. जाळीदार लोखंडी पायरीवर कुत्रे पाय ठेवत नाहीत, तिच्यावर रबरी मॅट बांधा. दार उघडताना कोणत्या बाजूला फिरतं हेही बघा. मागे उघडणारं दार वाऱ्याने आपटलं तर शेपूट सापडते. गॅस स्ट्रट किंवा हुक हवाच.

डासांच्या जाळीत कंजूसपणा करू नका. नायलॉनची जाळी एका नखात फाटते. खालच्या ४० सेंटीमीटरमध्ये स्टीलची बारीक जाळी किंवा पारदर्शक ऍक्रिलिकची पट्टी लावून घ्या. आतल्या फरशीवर कार्पेट नको, जाड व्हिनाइल हवं आणि त्याच्या कडा भिंतीवर पाच सेंटीमीटर चढवलेल्या हव्यात, म्हणजे नागावची वाळू आणि ओल्या पंजांचं पाणी प्लायमध्ये उतरत नाही. गादीला चेन असलेलं धुता येणारं कव्हर आणि आत पातळ वॉटरप्रूफ खोळ.

हवा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. २.३ × १.५ मीटर लांबी-रुंदी आणि १.१ मीटर उंची धरली तर कॅबिनमध्ये चार घनमीटरपेक्षाही कमी हवा असते. दोन माणसं आणि धापा टाकणारा कुत्रा रात्रभर आत असले की पहाटे छतावरून थेंब पडतात. समोरासमोर दोन खिडक्या आणि छतात १२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा ही किमान सोय. पंखा बाहेर फेकणारा ठेवा आणि कुत्र्याच्या बाजूची खिडकी उघडी, म्हणजे गार हवा त्याच्या अंगावरून आत येते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर रात्रभर एसी चालत नाही. विक्रेता चालतो म्हणाला तर समोर सहा तास चालवून दाखवायला सांगा. मार्च ते ऑक्टोबर, किनाऱ्याजवळ, दिवसा बंद ट्रेलरमध्ये कुत्रा दहा मिनिटंसुद्धा ठेवू नये.

बिबट्याचं काय? येऊर, जुन्नर, अकोले, माळशेजचा पट्टा हा बिबट्याचा आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. अंधार पडल्यावर कुत्रा बाहेर बांधून ठेवणं म्हणजे आमंत्रण देणं. त्यामुळे ट्रेलरमध्ये कुत्र्याला आत झोपायला जागा नसेल आणि विक्रेता ‘बाहेर छान केनेल लावून देतो’ म्हणत असेल तर तो ट्रेलर आपल्या भागासाठी नाही. दिवसा बांधायला चॅसीवर वेल्ड केलेली डी-रिंग घ्या, दोर अडीच मीटरचा, आणि रिंग अशा कोपऱ्यावर की दोर ताणला तरी शेगडीपर्यंत पोचणार नाही. कोकणातल्या कातळावर फुरसं असतं. सकाळी कुत्रा उतरवण्याआधी ट्रेलरखाली टॉर्च मारायची सवय लावा.

भंडारदरा-हरिश्चंद्रगड परिसराचा मोठा भाग अभयारण्यात येतो, काशीदला लागून फणसाड आहे, पनवेलपुढे कर्नाळा. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. जागा ठरवताना मुक्काम हद्दीच्या बाहेर आहे ना ते आधी विचारा.

चॅसी, सस्पेन्शन, चाकं

ट्रेलरखाली सतरंजी टाकून झोपा. खरी माहिती तिथे आहे.

मुख्य फ्रेम ५० × ५० किंवा ७५ × ५० मिलिमीटरच्या ३ मिलिमीटर जाड बॉक्स पाइपची असावी. एकाच पाइपच्या ड्रॉबारपेक्षा इंग्रजी ‘ए’ आकाराचा दोन पाइपांचा ड्रॉबार बरा. तडे जातात ते ड्रॉबार पहिल्या आडव्या पाइपला मिळतो तिथे. वेल्ड पाइपच्या खालच्या बाजूला आडवी मारलेली असेल तर तिच्या कडेने तडा सुरू होतो. तिथे लांबट त्रिकोणी पट्टी दोन्ही बाजूंनी जोडलेली हवी. बॉक्स पाइपला खाली पाणी निघायची भोकं आहेत का बघा. नसतील तर पावसाळ्यात आत साचतं आणि रंग चकचकीत असतानाच पाइप आतून खातो. खाडीकाठच्या हवेत हे आणखी लवकर होतं. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड फ्रेम मिळत असेल तर तिच्यासाठी किचनमधल्या दोन सोयी सोडा.

सस्पेन्शनमध्ये तीन प्रकार भेटतील. रबर टॉर्शन ऍक्सल शांत चालतो, देखभाल जवळपास नाही, पण रबर बसलं की अख्खा ऍक्सल बदलावा लागतो. स्वतंत्र ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग खडकाळ वाटेवर उत्तम, पण आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि अलाइनमेंट नीट नसेल तर टायर एका कडेने झिजतात. आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग: थोडे दणके देतात, पण पाटा तुटला तर मुरबाडात किंवा माणगावात कोणताही पाटेवाला दोन तासांत बसवून देतो. आपल्या अंतरांना आणि रस्त्यांना पाटे अधिक शॉक ऍब्सॉर्बर हे जोडकाम पुरेसं आहे. शॉक नसलेला ट्रेलर मात्र घेऊ नका. गायमुखच्या खड्ड्यांतून तो उड्या मारत येतो आणि आतली कपाटं उघडतात.

ट्रेलरची चाकं आणि गाडीची चाकं एकच असावीत. जिम्नीला ५ × १३९.७ पीसीडी (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये) आणि १९५/८० आर१५ टायर लागतो. ट्रेलरच्या हबला (चाक बसतं त्या मधल्या भागाला) तोच पीसीडी करून घेतला तर एका स्पेअरने दोघांचं भागतं, आणि दोघांच्या चाकांमधलं अंतरही जुळत असेल तर चिखलात ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून येतो. फक्त हवा गाडीइतकी भरू नका. वरच्या हिशेबात ट्रेलरच्या एका चाकावर सव्वातीनशे किलोंच्या आतच येतात. ३० च्या वर पीएसआय भरलं तर टायर दगडासारखा उडतो. २४ ते २६ पासून सुरुवात करा. टायरच्या रुंदीभर खडूची रेघ ओढा आणि शे-दोनशे मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. जुना ट्रेलर घेत असाल तर टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, उभ्या-उभ्या म्हातारे होऊन फुटतात.

वाटेत ट्रेलर बंद पडण्याचं नेहमीचं कारण बेअरिंग. घाट उतरून हब गरम झालेला असताना ओढ्यात घातला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं आणि ग्रीसचं पांढरं लोणी होतं. पाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. बेअरिंग बसवताना चाक फिरवत कॅसल नट (डोक्याला खाचा असलेला) आवळायचा, चाक जड वाटलं की एखादी खाच सैल करायचा, चाक वर-खाली हलवून खेळ नाही ना पाहायचं आणि नट फिरू नये म्हणून नवीन कॉटर पिन घालायची. जुनी पिन सरळ करून परत वापरू नये. जवळ एक संच ठेवा: आतलं आणि बाहेरचं बेअरिंग, सील, पिन, अर्धा किलो ग्रीस. प्रवासात पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. हात टेकवत नसेल तर पुढे जाऊ नका.

हिच, ब्रेक आणि दिव्यांची वायर

बॉल हिच ५० मिलिमीटरचा आणि दोन इंचांचा (५०.८) असे दोन भेटतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर ढिला बसतो आणि उलट केलं तर पूर्ण लॉक होत नाही. बॉलवर कोरलेला आकडा वाचा. नाला तिरका ओलांडताना गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलंडतो. साधा बॉल कपलर एका मर्यादेपुढे अडकतो आणि उखडू शकतो. खरोखरच कच्च्या वाटा करायच्या असतील तर ३६० अंश फिरणारा ऑफ-रोड कपलर घ्या. नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत आणि समुद्रकाठच्या रिसॉर्टपर्यंतच जायचं असेल तर बॉल पुरे. सेफ्टी चेन दोन, कपलरखाली फुलीसारख्या, डी-शॅकलने लावलेल्या.

७०० किलोंना ब्रेक हवेत असं आमचं ठाम मत, विशेषतः कसारा किंवा माळशेज उतरायचा असेल तर. ओव्हररन ब्रेक गाडीने वेग कमी केला की ट्रेलरच्या पुढच्या रेट्याने लागतात, गाडीत काहीच बसवावं लागत नाही. त्यांची एक खोड: चढावर रिव्हर्स घेताना ते ब्रेक लागतात आणि ट्रेलर हलत नाही. ऑटो-रिव्हर्स हब (रिव्हर्समध्ये ब्रेक आपोआप सोडणारा) आहे का हे पोडियमवाल्यांनी आवर्जून विचारावं. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर लागतो, पण ट्रेलर डोलू लागला तर फक्त त्याचे ब्रेक हाताने लावता येतात. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापासूनच सुरू होतो आणि तिथे १२० चा फलक बघून पाय जड होतो. ट्रेलर मागे असताना ८० च्या पुढे जाऊ नये. डोलायला लागलाच तर ऍक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

सात पिनांच्या प्लगमध्ये १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. ट्रेलरचे दिवे विचित्र लुकलुकले तर नव्वद टक्के वेळा पांढरी वायर ढिली असते. नव्या गाड्यांत टेल लॅम्पच्या वायरीला थेट जोड मारू नका. दिवे सांभाळणारं गाडीतलं बॉडी कंट्रोल मॉड्यूल बिघाड दाखवतं. बॅटरीवरून वेगळी वीज घेणारं रिले मॉड्यूल मधे घाला.

बॉडी

प्लाय असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लायच. आयएस ३०३ ची साधी प्लाय एका पावसाळ्यात कडेने फुगते. एसीपी (ऍल्युमिनियम कंपोझिट) शीट स्वस्त आणि हलकी, पण सांधे सिलिकॉनवरच उभे असतात. एफआरपीची (फायबरग्लासची) एकसंध बॉडी गळती टाळायला उत्तम, दुरुस्तीलाही सोपी.

तपासणी दोन प्रकारे करा. रात्री एक जण आत बसून दारं-खिडक्या बंद करतो, दुसरा बाहेरून सगळ्या सांध्यांवर टॉर्च फिरवतो. जिथे प्रकाश आत येतो तिथून धूळ येणार. मग पाण्याचा पाइप लावून वीस मिनिटं चारही बाजूंनी पाणी मारा, समोरून जास्त, कारण चालताना पाऊस समोरून आदळतो. नंतर गादी उचलून कोपऱ्यांत टिश्यू पेपर दाबा. किचनच्या झाकणाचं गॅस्केट आणि छताच्या पंख्याची चौकट या दोन जागा सर्वांत आधी गळतात.

वीज, पाणी, गॅस

एका दिवसाचा खर्च: फ्रिज ऑक्टोबरच्या उन्हात ४५० वॉट-तास, पंखा २ अँपिअरने नऊ तास म्हणजे सुमारे २१५, दिवे आणि मोबाइल १००. एकूण ७६५. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण १२८० वॉट-तास असतात, म्हणजे दीड दिवस. १०० वॉटचं पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात ३५० ते ४०० देतं. दोन रात्रींचं गणित त्यात आरामात बसतं. तीन रात्रींसाठी २०० वॉट घ्या.

गाडी चालताना चार्ज करायला २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. इंजिनपासून मागच्या प्लगपर्यंत सहा मीटर धरले तर ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळपास पाऊण व्होल्ट जातो, १६ च्या तारेत पाव व्होल्टच्या आसपास. १६ च घ्या आणि फ्यूज गाडीच्या बॅटरीजवळ बसवा, ट्रेलरच्या टोकाला नव्हे.

पाण्याला ६० लिटर पुरे. २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीड लिटर, उन्हात त्याहून जास्त लागतं. टाकी ऍक्सलच्या वर असावी, म्हणजे भरली-रिकामी झाली तरी हिचवरचा भार बदलत नाही. गॅसला पाच किलोचा छोटा सिलिंडर बाहेरच्या, तळाला हवेशीर भोकं असलेल्या कप्प्यात. आत शेगडी पेटवायची नाही, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा.

कागदपत्रं

ट्रेलरला स्वतःचा चॅसी नंबर, स्वतःची नोंदणी आणि स्वतःची नंबर प्लेट लागते. गाडीचा नंबर मागे चिकटवून भागत नाही. विक्रेत्याकडून फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) आणि एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या अधिकृत चाचणी संस्थेच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘नोंदणी तुमची तुम्ही करून घ्या’ असं उत्तर आलं तर समजून जा. एमएच-०४ किंवा एमएच-४३ च्या कार्यालयात खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरचा वर्ग निवडला आहे ना, मालवाहू ट्रेलरचा नाही, हे अर्जावर स्वतः वाचा. थर्ड पार्टी विमा ट्रेलरलाही हवा. गाडीला हिच बसवल्याचं गाडीच्या विमा कंपनीला लेखी कळवा.

पैसे देण्याआधीची चाचणी

रिकामा ट्रेलर ओढून काहीच कळत नाही. सिमेंटच्या किंवा रेतीच्या गोण्या ऍक्सलच्या आसपास ठेवून तो सातशे किलोंपर्यंत न्या. हिचवरचा भार मोजा. मग एक हायवे, एक घाट आणि तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता, या क्रमाने चालवा. परत येऊन हब हाताने तपासा, चॅसीच्या वेल्डकडे बघा, किचनचं झाकण उघडून धुळीचा पट्टा कुठून आत आलाय ते शोधा. शेवटी तुमच्या स्वतःच्या सोसायटीत रिव्हर्स लावून दाखवायला सांगा, आणि मग स्वतः लावा. ड्रॉबार जितका आखूड तितका ट्रेलर रिव्हर्सला पटकन कात्रीत येतो (गाडीशी कोनात दुमडतो), हे तेव्हा कळेल. कुत्रा सोबत न्या. दारात बिचकत असेल तर आत त्याची घरची चादर टाकून दहा मिनिटं थांबा. तरीही चढत नसेल तर पायरी किंवा दार चुकलंय.

जून ते सप्टेंबर

आपल्याकडे ट्रेलर चार महिने उभाच राहतो. ठेवताना टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करा, गादी घरात आणा, फ्रिजचं दार काडी लावून उघडं ठेवा. चॅसी चार जॅक स्टँडवर घेऊन चाकांवरचा भार काढा. पार्किंग ब्रेक सोडून ठेवा, नाहीतर ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. उटी मात्र हव्यात. बॅटरी ५०-६० टक्के चार्जवर तोडून ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत बुरशी होते. वर शेड आणि खिडक्या बोटभर उघड्या, जाळीसकट. दसऱ्याच्या सुमारास बेअरिंग उघडा, ग्रीस बदला, मग चाकं जमिनीवर टेकवा.